आत्मवृत्त नसलेली नदी

शालेय मराठीच्या पेपरात ‘नदीचे आत्मवृत्त’ हा निबंध ठरलेला असतो. काही वर्षांपूर्वी बोरिवलीतल्या एका शाळेच्या निबंधस्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले, तेव्हा असे साठ-पासष्ट निबंध मी एका बैठकीत वाचले. सगळ्या नद्या उंच पर्वताच्या कुशीत जन्मल्या होत्या, खडकांवरून खेळत-बागडत उतरल्या होत्या, शेते पिकवून, तहानलेल्यांची तहान भागवून शेवटी सागराला मिळाल्या होत्या. शेवटच्या परिच्छेदात माणसाला प्रदूषणाबद्दल दोन शब्द सुनावलेले होते. अक्षरे वेगळी, मजकूर एकच. मात्र एकाही नदीला नाव नव्हते. आणि शाळेच्या मागच्या कुंपणापलीकडे, फार तर दोनशे पावलांवर, नाव असलेली, डोंगरात जन्मलेली आणि सागराला मिळणारी एक नदी त्या वेळीही वाहत होती. तिचे नाव दहिसर. मुलांना ती रोज दिसते. मुले तिला नाला म्हणतात.

दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. त्यांना हा शब्द आपणच दिला आहे. त्या भागात राहायला आल्यावर पहिली काही वर्षे मीही तोच वापरत होते. मुद्दा असा आहे की ज्या शहराच्या उपनगरांत चार नद्या वाहतात, त्या शहराच्या मराठी साहित्यात नदी जवळजवळ नाही. आणि हे न असणे केवळ वाङ्मयीन उणीव म्हणून सोडून द्यावे इतके निरुपद्रवी नाही. हे मला एका साध्या इच्छेपायी कळले. नव्या शहरातली नदी धरून रमतगमत समुद्रापर्यंत चालत जावे, एवढीच ती इच्छा होती.

मी मूळची वाईची. आमच्याकडे नदीला नुसती कृष्णा कोणी म्हणत नाही, ‘कृष्णाबाई’ म्हणतात. घाटाघाटाचा तिचा वेगळा उत्सव असतो, तिला ओटी असते, नैवेद्य असतो. नदीकाठी जाण्यासाठी काही निमित्त लागते, हे मला ठाऊकच नव्हते. संध्याकाळी घाटावर जायचे, पायरीवर बसायचे, अंधार पडला की उठायचे. या बसण्याला आमच्याकडे नाव नाही, कारण ते वेगळे ‘करायचे’ काम नाही. २००३ साली अध्यापनाच्या नोकरीसाठी बोरिवलीत आले, तेव्हा खोली मिळाल्यावर आणि गॅसचे सिलिंडर लागल्यावर मी तिसरी गोष्ट शोधली ती नदी.

ती नकाशात सापडली. बारीक निळी रेघ, पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरातून, तुळशी तलावाच्या परिसरातून निघून वायव्येला मनोरीच्या खाडीकडे जाणारी. लांबी सुमारे १२ किलोमीटर. या आकड्याने मी अक्षरशः हरखून गेले. महाबळेश्वराच्या ज्या कड्यावरून पश्चिम समुद्र जवळजवळ दिसेल असे वाटते, तिथे जन्मलेली कृष्णा समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरी तेच करते. भीमाही पूर्वेलाच वळून कृष्णेला मिळते. आपल्या संतवाङ्मयातल्या, कादंबऱ्यांतल्या, कवितांतल्या मोठ्या नद्या अशा पाठमोऱ्या आहेत. ‘नदी सागराला मिळते’ हे देशावरच्या माणसाला ऐकून माहीत असते. वाईतल्या कोणी कृष्णाबाईला समुद्राला मिळताना पाहिलेले नसते. इथे मात्र सकाळच्या चहानंतर निघून संध्याकाळच्या आत नदीचे सगळे आयुष्य पायाखाली घालता येईल, असे दिसत होते. निबंधातले ते वाक्य डोळ्यांनी पाहता येणार होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी निघाले. आधी रिक्षावाल्याला विचारले, दहिसर नदीच्या काठाने जायला कुठून रस्ता आहे? तो म्हणाला, “नदी? नदी तो इधर नहीं है मॅडम. नाला है.” शेजारच्या काकांना विचारले, तर तेही म्हणाले, “अहो, नदी कसली? पूर्वी असेल.”

उद्यानाच्या आत ती निःसंशय नदी होती. पातळ, थंडीतली नदी. दगडांमधून वाट काढणारी, तळ दिसणारी. काठाने व्यायाम करणारे लोक झपझप जात होते. याच वनात कान्हेरीची लेणी आहेत. शंभरहून अधिक गुंफांच्या त्या वसाहतीत भिक्षू शतकानुशतके राहिले ते पाण्याच्या जोरावर. पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हाळींमधून टाक्यांत उतरवलेले आहे, आणि दात्यांच्या प्राकृत लेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी. कुणी लेणे दिले, कुणी पाणी साठवण्याची जागा दिली, आणि दिल्याचे कोरून ठेवले. पाण्याला नाव देणे आणि त्या नावापुढे आपले नाव लिहिणे ही या डोंगरातली जवळपास दोन हजार वर्षांची जुनी रीत आहे. त्या दिवशी मला याचे एवढे काही वाटले नाही. पुढचा रस्ता चालल्यावर वाटले.

कारण उद्यानाचे फाटक ओलांडले, द्रुतगती महामार्गाखालून नदी पलीकडे गेली आणि काठ संपला. नदी होती; काठ नव्हता. श्रीकृष्णनगर, दौलतनगर, पुढे रेल्वेचे रूळ, मग दहिसर गावठाण, कांदरपाडा असा तिचा मार्ग. मी या सगळ्या वस्त्यांमधून चालले, पण नदीकाठाने नव्हे. नदी कायम कुणाच्या तरी मागच्या बाजूला होती. इमारतींची तोंडे रस्त्याकडे. नदीकडे होत्या त्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या, न्हाणीघरांचे पाइप, वाहनतळाची मागची भिंत. ज्या वस्त्या अगदी काठावर होत्या त्यांचीही दारे गल्लीकडे, पाठ पाण्याकडे. मी एका पुलावर जाऊन नदी पाहायची, मग गल्ल्यांतून वळसा घालून पुढच्या पुलावर जायचे आणि पुन्हा पाहायची. पुलापुलांतून अशी तुकड्यातुकड्याने ती भेटत गेली. दर पुलाशी ती जास्त काळी झाली होती. म्हशींचे तबेले लागले, तिथे शेण सरळ पाण्यात जात होते. पुढे धुण्याचा साबण आणि वाळत घातलेल्या चादरींची रांग. वाईला माणसे नदीकडे तोंड करून बसतात. इथे सगळ्या शहराने तिच्याकडे पाठ केली होती आणि पाठीमागे जे टाकायचे ते टाकले होते.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी शिकायला मिळाली. दर पन्नास पावलांवर कुणीतरी मला विचारत होते, “कुणाकडे जायचंय?” प्रश्नात वाईट काही नव्हते, मदतच करायची होती. पण ‘कुणाकडेही नाही, नदी बघत चालले आहे’ हे उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा बदलायचा. रमतगमत चालणाऱ्या नागर माणसावर पाश्चात्त्य समीक्षेत बोदलेअर आणि बेंजामिनपासून पुष्कळ लिहिले गेले आहे. तो माणूस गृहीतपणे पुरुष आहे आणि सवड असलेला आहे. मुंबईतल्या बाईला रस्त्यावर असण्यासाठी कारण दाखवावे लागते, हे २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात सविस्तर मांडले. ते वाचताना मला तो रविवार आठवला. आपल्याकडे चालण्याची परंपरा मोठी आहे; पण ती सहेतुक चालण्याची आहे. इरावतीबाईंचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख वारीचा आहे, गोनीदांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’तले चालणे नर्मदा परिक्रमेचे आहे. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची, तिला ओलांडायचे नाही, असे नियम आहेत आणि नियम असल्यामुळेच चालणाऱ्याला मान आहे, दारात आलेल्याला शिधा आहे. विनाकारण चालण्याला मात्र आपल्या भाषेत ‘उंडारणे’ म्हणतात. बाईच्या बाबतीत तर हा शब्द ठेवणीतला आहे.

दहिसर गावठाणात मला एक वृद्ध गृहस्थ भेटले. ओट्यावर बसले होते. त्यांनी मात्र ‘कुणाकडे’ असे विचारले नाही. मी पुलावर थांबून खाली पाहत होते, तर म्हणाले, “ह्यात आम्ही पोहायला शिकलो, बाई. त्या वळणाला डोह होता.” मी विचारले, “काका, तुम्ही ह्याला नदी म्हणता की नाला?” ते थोडे रागावले. “आम्ही नदीच म्हणतो. नाला नंतर आलेले म्हणतात.” मी नंतर आलेल्यांपैकीच होते.

पुढे बोरिवली पश्चिमेच्या बाजूला मंडपेश्वराचे लेणे आहे. शैव लेणे, आणि वर पोर्तुगीजांनी बांधलेल्या ख्रिस्ती मठाच्या उभ्या भिंती. हे लेणे एके काळी दहिसर नदीच्या काठावर होते आणि नंतर नदीने पात्र बदलले, असे सांगतात. माथ्याला बौद्धांची कान्हेरी, खाली शैवांचा मंडपेश्वर, त्यावर पोर्तुगीजांची वास्तू, आणि मुखाशी कोळी व ईस्ट इंडियन गावे. एवढा इतिहास १२ किलोमीटरच्या एका ओघावर ओवलेला आहे. ही नदी महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याही भागात असती, तर तिच्यावर निदान एक स्थलपुराण तरी असते.

समुद्रापर्यंत मी पोहोचले नाही. कांदरपाड्याच्या पुढे नदी खारफुटीत शिरते. तिवरांच्या गर्दीत, चिखलात, भरतीच्या पाण्यात तिचे पात्र कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते, हे काठावरून कळत नाही. आणि तिथे चालायला जागाही नाही. मी परत फिरून रिक्षाने गोराईच्या धक्क्यावर गेले, बोटीत बसले, खाडी ओलांडली आणि पलीकडून पुन्हा वाहन करून किनाऱ्यावर उतरले. समुद्र समोर होता. पण नदीला सोडून, वेगळ्या रस्त्याने, तिकीट काढून मी त्याच्याकडे आले होते. वाळूवर बसल्यावर मला वाटले, चालणे फसले. आज वाटते, जे घडले ते नीट नोंदवायला हवे होते. या शहरात नदीबरोबर समुद्रापर्यंत जाता येत नाही, हीच त्या दिवसाची खरी हकिकत होती.

आता साहित्याकडे वळते. मुंबईच्या मराठी साहित्यात नदी का नाही, या प्रश्नाचे पहिले उत्तर भूगोलाचे आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे. त्यांची मुंबई म्हणजे बेट. आजची उपनगरे तेव्हा साष्टी होती. महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ साली टप्प्याटप्प्याने वाढत दहिसर आणि मुलुंडपर्यंत आली. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा तर १९९० सालचा. मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या चारही नद्या साष्टीच्या आहेत. साहित्याने ज्या मुंबईला मुंबई मानले, ती गिरगाव, गिरणगाव, कामाठीपुरा, काळा घोडा अशी बेटावरची होती. तिथे नदी नव्हतीच. मुंबईच्या कवितेला समुद्र मिळाला, फूटपाथ मिळाला, भोंगा मिळाला, लोकल मिळाली. हे सगळे अस्सल आहे. ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) नदी शोधणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल.

पण हे उत्तर अर्धेच आहे. साहित्यिक स्वतः साष्टीत राहायला गेल्याला आता कितीतरी दशके झाली. वांद्र्याचे साहित्य सहवास मिठीच्या मुखापासून फार लांब नाही. उपनगर साहित्यात आले ते सदनिका, हप्ते, पाणीटंचाई आणि गाडीची गर्दी घेऊन आले. मागच्या खिडकीतून दिसणारे पाणी त्यात आले नाही. जिथे ते आले, तिथेही आपण वाचकांनी ते ओळखले नाही. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ १९६९ सालची. खाडीकाठच्या झोपडवस्तीची ही कादंबरी आपण झोपडपट्टीचे, महानगरी दारिद्र्याचे चित्रण म्हणून शिकवतो. मीही पंधरा वर्षे तशीच शिकवली. ही खाडी म्हणजे मिठी नदीचे मुख आहे, विहार आणि पवईच्या तलावांकडून निघालेले पाणी इथे समुद्राला मिळते, ही गोष्ट मी वर्गात एकदाही सांगितली नाही. कारण ती मलाही जाणवली नव्हती. गावाकडची कादंबरी शिकवताना ‘नदीचे प्रतीक’ फळ्यावर लिहिणारा शिक्षक शहरी कादंबरीच्या शीर्षकातले पाणी ओलांडून पुढे जातो.

दुसरे उत्तर भाषेचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. मराठीला वाहत्या पाण्यासाठी शब्दांची वाण नाही. ओहोळ, ओढा, वहाळ, पऱ्ह्या, नाला, नदी. यांतला नाला हा शब्दही मुळात वाईट नाही. विदर्भात नाला म्हणजे पावसाळ्यात भरून वाहणारा चांगला प्रवाह. मुंबईने त्याचा अर्थ गटार असा केला, आणि मग तो शब्द नदीवर घातला. दर वर्षी मे महिन्यात वृत्तपत्रांत ‘नालेसफाई’ची टक्केवारी येते आणि नद्यांतला गाळही त्याच हिशेबात मोजला जातो. महापालिकेत नद्यांचे काम पर्जन्य जलवाहिन्यांच्या खात्याकडे असते, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या व्यवस्थेचा एक भाग म्हणून नदीकडे पाहिले जाते. नदी म्हटले की तिला उगम असतो, काठ असतो, पूर असतो, पुराची जागा असते. नाला म्हटले की त्याला फक्त रुंदी असते, आणि रुंदी कमी करता येते. शब्द बदलला की पुढचे सगळे सोपे होते.

किती सोपे होते, हे २६ जुलै २००५ रोजी दिसले. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्यातच समुद्राला भरती होती. भरतीच्या वेळी समुद्र नदीचे पाणी घेत नाही, उलट आत ढकलतो. विमानतळासाठी वळवलेली, दोन्ही बाजूंनी भराव घालून आवळलेली, जिच्या खाजणांवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले ती मिठी त्या दिवशी आपली जुनी जागा मागायला आली. दहिसर, पोईसर, ओशिवरा यांनीही तेच केले. शेकडो माणसे गेली. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. शहराला मिठी ‘नदी’ आहे, हे नव्याने कळल्यासारखे लिहिले जाऊ लागले. त्याच वर्षी तिच्यासाठी विकास आणि संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. माणसे बुडाल्यावर नाल्याला नदीपण परत मिळाले.

यापुढे लिहायचे ते मला अवघड जाते. २०१० साली मी आमच्या वर्गाला सुचवले की आपण सगळे मिळून एका सकाळी दहिसर नदीच्या बाजूने चालू या आणि प्रत्येकाने जे दिसेल ते लिहावे. मला ही कल्पना फार छान वाटत होती. बरीच मुले तयार झाली. एक मुलगी वर्ग सुटल्यावर माझ्याकडे आली. ती काठावरच्याच वस्तीत राहायची. म्हणाली, “मॅडम, मी नाही येणार. मला लिहायला सांगा, लिहीन. पण बघायला नाही येणार.” पुढे म्हणाली, “पाऊस जोरात लागला की आई अजून कागदपत्रांची पिशवी गळ्यात अडकवून बसते. तुम्ही सगळे येऊन आमच्या मागच्या दाराकडे बघणार, आणि घरी जाऊन लिहिणार की किती घाण आहे.”

मी तिला काय उत्तर दिले ते इथे लिहीत नाही, कारण ते उत्तर चांगले नव्हते. तिचा आक्षेप मात्र तेव्हापासून माझ्याबरोबर आहे आणि तो खोडून काढता येत नाही. रमतगमत चालणे ही सवड असलेल्याची गोष्ट आहे. घाटाच्या पायरीवर वाढलेली मी नदीकडे सौंदर्य म्हणून पाहू शकते. जिच्या घरात नदी शिरली तिला ते कसे जमावे? आणि पाहणाऱ्याच्या नजरेत ‘घाण’ ही नदीची नसते, काठावरच्या माणसाची होऊन बसते. तबेल्याचे शेण आणि झोपडीतला कचरा पुलावरून दिसतो. इमारतींचे सांडपाणी पाइपातून, आडोशाने येते, म्हणून ते दिसत नाही. नदी सुधारण्याच्या योजना आल्या की पहिला हातोडा कुणावर पडतो, हेही त्या मुलीला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. जे दिसते ते हटवले जाते.

म्हणूनच ‘नदीला नदी म्हणा’ एवढेच सांगून मला थांबता येत नाही. २०१८ साली मुंबईच्या नद्यांवर एक गाणे आले, त्याच्या चित्रफितीत मुख्यमंत्री आणि महापालिकेचे अधिकारीही दिसले. नागरिकांचे गट नद्यांसाठी चालले, चालत आहेत; त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण गौरवगीतातली नदी आणि निबंधातली नदी यांच्यात फार अंतर नसते. दोन्ही आई असतात, दोन्ही पवित्र असतात आणि दोन्हींच्या काठावर कुणी राहत नसते. नद्यांवर प्रेमाने लिहिणाऱ्या काका कालेलकरांनी आपल्या पुस्तकाला ‘लोकमाता’ असे नाव दिले. त्या नावातला ‘लोक’ हा अर्धा आपण विसरतो आणि ‘माता’ तेवढी धरून ठेवतो.

पुरानंतर काठाकाठाने संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. मी गेल्या हिवाळ्यात पुन्हा तोच रस्ता चालले, तेव्हा कितीतरी ठिकाणी पूर्वी दिसणारे पाणी आता भिंतीमागे गेले होते. पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या आल्या आहेत, कचरा टाकू नये म्हणून. २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोला कांदरपाडा नावाचे स्थानक आहे. त्या उंचीवरून मात्र तिवरांचा हिरवा पट्टा पूर्वी कधी दिसला नव्हता इतका छान दिसतो. भिंतीला माझा विरोध नाही. जिच्या आईच्या गळ्यात कागदपत्रांची पिशवी आहे, तिला भिंत हवी असेल तर तिला ती मिळाली पाहिजे, आणि ती माझ्या फेरफटक्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. पण भिंत पाणी अडवते तशी नजरही अडवते. जे कुणालाच दिसत नाही त्याचे पलीकडे काय चालले आहे, हे कुणी विचारत नाही. मग ते ठरवणारे वेगळेच असतात.

साहित्याच्या माणसांनी यात काय करावे? आपल्या हातात ना पोकलेन आहे, ना निविदा. आपल्या हातात नाव आणि वर्णन आहे. एवढेच, पण हे थोडे नाही. वर्णन म्हणजे गौरव नव्हे आणि तक्रारही नव्हे. कोणत्या पुलावरून काय दिसते, डोह कोणत्या वळणाला होता, भरतीचे पाणी कुठपर्यंत चढते, कोण कोणाच्या मागच्या दारी राहते, हे नावानिशी लिहिणे म्हणजे वर्णन. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने ऋतूंच्या बाबतीत मराठी वाचकाला पाहायला शिकवले. तसे नदी पाहायला शिकवणारे एखादे पुस्तक उपनगरांच्या वाट्याला अजून आलेले नाही. ते माझ्यासारख्या घाटावरून आलेल्या बाईने लिहावे असे मला वाटत नाही. ते गावठाणातल्या ओट्यावर आणि काठावरच्या वस्तीत, तुकड्यातुकड्याने, आधीच जमलेले आहे. तिथले शब्द, तिथली भीती, तिथले पोहणे यांना साहित्य मानायची तयारी आपल्या विभागांत हवी. उपनगरांतल्या मराठी विभागांच्या अभ्यास-सहली लांब लांब जातात. त्यांतली एखादी उद्यानाच्या फाटकापासून खाडीपर्यंत काढायला बसभाडेही लागणार नाही. मात्र जाण्याआधी काठावर राहणाऱ्यांना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर थांबावे.

त्या मुलीने ठरल्याप्रमाणे लिहून आणले होते. वर्गात वाचायचे नाही, या अटीवर. त्यामुळे ते इथेही देत नाही. एवढेच सांगते की तिने विषय शाळेतलाच घेतला होता, नदीचे आत्मवृत्त. तिच्या नदीला पहिल्याच ओळीत नाव होते, आणि शेवटी ती सागराला मिळत नव्हती. भरती असल्यामुळे परत घरात येत होती. मी त्या निबंधाला गुण दिले नाहीत. दोन वेळा वाचला आणि शुद्धलेखनाच्याही खुणा न करता परत केला.